नवं ऑफिस, जुन्या सवयी आणि ६५५३६

दिवाळीची सुट्टी संपवून, घरच्या चकल्या रूममेट्सच्या नजरेपासून लपवत आम्ही हॉस्टेलवर परत आलो आणि दुसऱ्या दिवशी प्रोजेक्ट लॅबमध्ये पाऊल टाकलं तर... कॉम्प्युटर तेच, टेबलं तीच, एक चाक तुटलेली ती ऐतिहासिक खुर्चीसुद्धा जागेवर. पण स्क्रीनवर काहीतरी भलतंच! नोव्हेंबर २०२५ ची गोष्ट. प्रोजेक्ट स्टेज-वनचं सबमिशन बारा दिवसांवर आलेलं आणि आमच्या लाडक्या लॅबने सुट्टीत चक्क कात टाकलेली.

लॅबचे काका म्हणाले, "विंडोज दहाचा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपला. ही मशीन्स अकराला चालत नाहीत. म्हणून सगळीकडे लिनक्स टाकलंय, आणि त्यावर लिब्रे-ऑफिस २५.८." एवढं बोलून ते चहाला गेले. आम्ही चौघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. आमचा रिपोर्ट वर्ड २००७ मध्ये केलेला, रीडिंग्ज एक्सेल २००७ मध्ये. 'ऑफिस २००७ चा सपोर्ट तर २०१७ मध्येच संपलाय, आपण आठ वर्षं रामभरोसे होतो' असं ग्रुपमधल्या टॉपरने सांगितलं. तिचं बरोबर होतं, पण त्या क्षणी कोणालाच ऐकायचं नव्हतं.

आता हा लेख लिहितोय तो 'लिब्रे-ऑफिस चांगलं की वाईट' हे सांगायला नाही. त्या बारा दिवसांत आम्हाला आमच्याच फायलींबद्दल जे कळलं, ते पुढच्या वर्षीच्या बी.ई.वाल्यांच्या कामाला यावं, एवढ्यासाठी.

पहिला दिवस नुसता शोधाशोधीत गेला. वर्डमध्ये डोळे मिटून सापडणारं बटण इथे दुसरीकडेच. रूममेट पेज नंबर टाकायला बसला आणि पंधरा मिनिटांनी "मी हाताने लिहितो, सोड" म्हणून उठला. नेमके तेव्हाच आमचे गाइड सर आले. आमची रडगाणी ऐकून त्यांना रागबिग काही आला नाही, उलट हसायलाच लागले.

"मी टी.ई.ला होतो, २००८ साली," सर म्हणाले, "तेव्हा याच लॅबमध्ये २००३ जाऊन २००७ आलं होतं. तुम्ही आज जे 'जुनं, सोपं' म्हणताय ना, तेच. वरचे सगळे मेनू गायब! 'फाइल' हा शब्दच कुठे दिसेना. डाव्या कोपऱ्यात एक गोल चिन्ह होतं, मला वाटलं शोभेचं आहे. प्रिंट त्याच्या आत होती. मला ते कळायला पूर्ण एक प्रॅक्टिकल गेलं."

सरांची गोष्ट ऐकून मी घरी जरा वाचलं. वर्ड २००३ पर्यंत येता येता टूलबारची संख्या तीसच्या वर गेली होती. मेनूमध्ये मेनू, त्यात पुन्हा मेनू. कंपनीने वापरणाऱ्यांच्या संमतीने 'कोण कोणतं बटण किती वेळा दाबतो' याची माहिती गोळा केली. त्यातून दिसलं की वर्डमध्ये दिलेल्या एकूण आज्ञांपैकी जवळजवळ एकतृतीयांश आज्ञा फक्त पाचच आहेत: पेस्ट, सेव्ह, कॉपी, अनडू आणि बोल्ड. पहिला नंबर पेस्टचा! (म्हणजे कंट्रोल-व्ही ही काही फक्त आपल्या कॉलेजची परंपरा नाही.) लोक ज्या सोयी मागत होते त्यातल्या बऱ्याच आधीच आत होत्या, फक्त सापडत नव्हत्या. त्यातून २००७ ची ती रिबन आली. 'फाइल' हा शब्द मात्र २०१० च्या आवृत्तीत पुन्हा आणावा लागला. थोडक्यात, जे आपल्याला 'नैसर्गिक' वाटतं ते फक्त आधी शिकलेलं असतं.

लिब्रे-ऑफिसमध्ये यावर तोडगा आहे. 'व्ह्यू' मेनूत 'यूजर इंटरफेस' उघडा आणि 'टॅब्ड' निवडा. रिबनसारख्या पट्ट्या येतात. ही सोय २०१९ च्या ६.२ आवृत्तीपासून रीतसर आहे. आमच्यापैकी दोघांनी ती घेतली. मी मात्र जुन्या मेनूवरच राहिलो, कारण मेनूत प्रत्येक गोष्टीचं नाव शब्दांत लिहिलेलं असतं आणि मला चित्रांपेक्षा शब्द लवकर सापडतात. ज्याची त्याची आवड. असो.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट उघडला आणि खरा पोपट झाला.

जुन्या कॉम्प्युटरवर रिपोर्ट ४६ पानांचा होता. इथे ४९ दिसत होता. तिसरं प्रकरण पानाच्या मध्यावर सुरू झालेलं, सर्किटची आकृती एका पानावर आणि तिचं नाव पुढच्या पानावर, अनुक्रमणिकेतले ठिपके दुसऱ्या ओळीवर सांडलेले. पहिली प्रतिक्रिया अर्थातच "या सॉफ्टवेअरने वाट लावली". मलाही तेच वाटलं. पण टॉपरबाईंनी कंट्रोल आणि एफ-१० दाबलं. त्याने पानावरच्या अदृश्य खुणा दिसू लागतात: प्रत्येक स्पेसला ठिपका, प्रत्येक एंटरला उलट्या 'पी'सारखी खूण. दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी अशा खुणा मोजल्या. एकोणीस! म्हणजे नवीन प्रकरण नवीन पानावर यावं म्हणून आम्ही एकोणीस वेळा एंटर मारलं होतं.

आता विचार करा. टाइम्स न्यू रोमन नसलं तर त्याच्या जागी लिबरेशन सेरिफ येतो आणि कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो. हे फॉन्ट मुद्दाम असे बनवलेत की प्रत्येक अक्षराची रुंदी मूळ फॉन्टइतकीच भरावी. म्हणून आमचे साधे परिच्छेद जवळपास जसेच्या तसे होते. फरक पडला होता तो टेबलांच्या आतल्या समासात, ओळींमधल्या अंतरात, कुठे एखाद-दोन ओळींचा. पण एकोणीस एंटरच्या पुलावर उभं असलेलं प्रकरण एका ओळीच्या धक्क्यानेही खाली घसरतं. पूल आम्हीच बांधला होता.

त्याहून लाज वाटली ती स्पॉटलाइटने. एफ-११ दाबलं की उजवीकडे स्टाइल्सची यादी येते आणि तिच्या खाली 'स्पॉटलाइट' नावाची चौकट आहे (२०२३ च्या ७.६ पासून). ती टिक केली की प्रत्येक परिच्छेदाच्या शेजारी त्याच्या स्टाइलचा रंग आणि नंबर येतो. हाताने रंगरंगोटी केलेली असेल तर त्या रंगावर तिरक्या रेघा दिसतात. नीट केलेल्या रिपोर्टमध्ये प्रकरणाचं नाव एका रंगात, उपशीर्षक दुसऱ्या, मजकूर तिसऱ्या असं दिसायला हवं. आमचा अख्खा रिपोर्ट, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, एकाच रंगाचा! आणि त्यावर रेघाच रेघा. कॉम्प्युटरच्या दृष्टीने आमच्या रिपोर्टमध्ये प्रकरणं नव्हतीच. होता तो फक्त साधा मजकूर, कुठे जाडा, कुठे मोठा.

मला हे पटायला अजून एक प्रयोग करावा लागला. तो तुम्हीही करून बघा. वर्डच्या २००७ नंतरच्या फाइलची एक कॉपी घ्या आणि तिच्या नावाचं शेवटचं शेपूट बदलून 'झिप' करा. फाइल झिपसारखी उघडते! आत फोल्डर्स आहेत. 'मीडिया' फोल्डरमध्ये तुमचे सगळे फोटो सुटे पडलेले असतात (मूळ फोटो हरवले असतील तर इथून काढून घ्या, आमचे दोन असेच परत मिळाले). आणि मजकूर एका एक्सएमएल फाइलमध्ये, खुणांनी वेढलेला. आमच्या 'मेथडॉलॉजी' या शीर्षकाभोवती काय होतं? 'जाडा ठसा' आणि 'आकार ३२'. बत्तीस का, तर तिथे आकार अर्ध्या पॉइंटांत लिहितात. १६ पॉइंट म्हणजे ३२. पण 'हे शीर्षक आहे' असं कुठेही नाही. मग अनुक्रमणिका आपोआप बनणार कशी? म्हणून तर आम्ही ती हाताने टाइप केली होती, ठिपक्यांसकट.

लिब्रे-ऑफिसची स्वतःची फाइलही अशीच झिप आहे, तिच्यातही मजकूर वेगळ्या फाइलमध्ये आणि स्टाइल्स वेगळ्या फाइलमध्ये ठेवतात. हा ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला. मायक्रोसॉफ्टचा फॉरमॅट २००८ मध्ये झाला, आणि त्यावेळच्या मतदानात भारताने, म्हणजे आपल्या बीआयएसने, विरोधात मत दिलं होतं. हा वाद मोठा आहे, सेमिनारला विषय हवा असेल त्याने जरूर घ्यावा.

दुरुस्ती कशी केली ते सांगतो, कारण हे नेहमी 'स्टाइल्स वापरा' एवढंच सांगून सोडून देतात.

आधी फाइलची कॉपी केली. मग कंट्रोल-एच उघडून 'रेग्युलर एक्स्प्रेशन्स' टिक केलं, शोधायच्या जागी ^$ लिहिलं आणि बदलायची जागा रिकामी ठेवली. या दोन चिन्हांचा अर्थ 'सुरुवात झाली आणि लगेच शेवट', म्हणजे रिकामा परिच्छेद. एका फटक्यात दोनशेच्या वर एंटर साफ! मग सगळा मजकूर निवडून कंट्रोल-एम. हाताने केलेली सगळी रंगरंगोटी पुसली जाते. इथे थांबा. यात तुमचे मुद्दाम तिरपे केलेले शब्द आणि परिच्छेदांचे मधोमध-उजवीकडे वगैरे हाताने केलेले बदलही जातात. ते आधी बघून ठेवा, आम्ही ठेवले नव्हते. त्यानंतर प्रकरणाच्या नावावर कर्सर नेऊन कंट्रोल-१, उपशीर्षकावर कंट्रोल-२, त्याच्या खालच्यावर कंट्रोल-३. चौघांनी वाटून घेतलं तर ४६ पानांना दीड तास लागला. शेवटी 'हेडिंग १' या स्टाइलमध्येच सांगून टाकलं की माझ्या आधी नवीन पान सुरू कर. एकदाच! मग 'इन्सर्ट' मेनूतून अनुक्रमणिका टाकली, तीन क्लिकमध्ये. पानं पुढेमागे झाली तर तिच्यावर राइट क्लिक करून 'अपडेट इंडेक्स' म्हणायचं, बस्स. आकृत्यांनाही राइट क्लिक करून 'इन्सर्ट कॅप्शन' दिलं, म्हणजे मधे एखादी आकृती घुसवली तर पुढचे नंबर आपोआप सरकतात.

पेज नंबरचं गणित मात्र इथे खरंच वेगळं आहे आणि वर्डवरून येणारा प्रत्येक जण त्यात अडकतो. प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, सारांश यांना रोमन आकडे आणि पहिल्या प्रकरणापासून १, २, ३ असा आपला नियम. वर्डमध्ये यासाठी 'सेक्शन' पाडतात. लिब्रे-ऑफिसमध्ये पानालाच स्टाइल असते. सुरुवातीच्या पानांना एक पेज स्टाइल, मुख्य पानांना दुसरी, आणि दोन्हींच्या मधे 'मॅन्युअल ब्रेक' टाकताना नवी पेज स्टाइल निवडून 'नंबर १ पासून' असं सांगायचं. सेक्शन शोधत बसलात तर रात्र जाईल. आमची गेली. समीकरणांबद्दल एकच सांगतो: इथे अपूर्णांक 'ए ओव्हर बी' असा शब्दांत टाइप करता येतो. रूममेटला ते इतकं आवडलं की त्याने गरज नसलेली दोन समीकरणंसुद्धा रिपोर्टमध्ये घातली.

आता मराठीबद्दल, कारण शेवटी हा मराठी विभाग आहे आणि हा लेखही तिथेच टाइप केलाय. 'टूल्स'मधल्या 'ऑप्शन्स'मध्ये भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' म्हणून एक चौकट आहे, तिथे मराठी निवडा. मग कळतं की या सॉफ्टवेअरमध्ये इंग्रजीचा फॉन्ट आणि देवनागरीचा फॉन्ट या वेगवेगळ्या गोष्टी आहेत; स्टाइलमध्ये दोघांचे आकारही वेगळे ठेवावे लागतात. सुरुवातीला मी इंग्रजीचा आकार वाढवत बसलो आणि मराठी ढिम्म हलेना! भाषा मराठी सांगण्याचा आणखी एक फायदा म्हणजे नोटोसारख्या ज्या फॉन्टमध्ये ल आणि श यांची हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणं असतात, तिथे आपोआप मराठी वळण येतं. राज्य शासनाने २००९ मध्ये प्रमाण वर्णमाला ठरवली तीत हीच वळणं आहेत. आजवर मला वाटायचं की भाषा निवडणं फक्त स्पेलिंगच्या लाल रेघांसाठी असतं.

याच दिवसांत लायब्ररीच्या कपाटातून मॅगझिनच्या वीस वर्षांपूर्वीच्या अंकाची सीडी मिळाली. मराठी विभागाची फाइल उघडली तर आत एकही मराठी अक्षर नाही. कंस, आकडे, इंग्रजी अक्षरं यांची खिचडी. त्या काळी बरेच मराठी फॉन्ट असे होते की आत साठवलेलं असायचं इंग्रजी अक्षर आणि फॉन्ट त्यावर मराठी आकाराचा मुखवटा चढवायचा. तो फॉन्ट या कॉम्प्युटरवर नाही, म्हणून मुखवटा गळून पडला. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे फॉन्ट बदलला तरी 'क' हा 'क'च राहतो. त्या अंकात आमच्याच विभागातल्या एका सिनियरची कविता होती. छापील अंकावरून ती मी पुन्हा टाइप केली, बाकीचा अंक अजून पडून आहे. कुणाला वेळ असेल तर या, काम आहे!

हे सगळं होईपर्यंत नववा दिवस उजाडला. रिपोर्ट नीट दिसत होता, आम्ही खुश होतो. आणि मग रीडिंग्जची फाइल उघडली.

आमचा प्रोजेक्ट थोडक्यात सांगतो: हॉस्टेलच्या एका मजल्याचा विजेचा वापर मोजायचा. करंट सेन्सर, एक कंट्रोलर बोर्ड आणि मेमरी कार्ड. दर सेकंदाला एक रीडिंग, रोज मध्यरात्री नवी फाइल. सात दिवसांच्या रीडिंग्जवरून एकूण युनिट्स काढायचे आणि जास्तीत जास्त लोड कधी असतो ते सांगायचं. सप्टेंबरमध्ये हे केलं तेव्हा एक अडचण आली होती. आमचे युनिट्स भिंतीवरच्या मीटरपेक्षा सुमारे ३१ टक्के कमी भरत होते. सातही दिवस, साधारण तेवढेच. मग आम्ही काय केलं? प्रत्येक उत्तराला १.४५ ने गुणलं आणि रिपोर्टमध्ये लिहिलं, 'सेन्सरच्या मर्यादेमुळे कॅलिब्रेशन फॅक्टर वापरला आहे'. हसू नका, तुमच्याही जर्नलमध्ये असे फॅक्टर आहेत!

कॅल्कमध्ये पहिल्या दिवसाची फाइल उघडून मी कंट्रोल आणि खालचा बाण दाबला. कर्सर शेवटच्या रीडिंगवर जाऊन थांबला. ओळ क्रमांक ६५५३६. आणि त्याच्या खाली रिकाम्या ओळी, कितीतरी.

हा आकडा ओळखीचा वाटला का? दोनचा सोळावा घात. निसर्गात कुठलंही रीडिंग आपणहून दोनच्या सोळाव्या घातावर थांबत नाही. दुसऱ्या दिवसाची फाइल उघडली: ६५५३६. तिसऱ्या दिवसाची: ६५५३६. माझ्या पोटात गोळा आला. एका दिवसात सेकंद असतात ८६४००.

झालं होतं असं. एक्सेलच्या ९७ ते २००३ च्या फॉरमॅटमध्ये एका शीटमध्ये ६५५३६ ओळीच मावतात. २००७ पासून ही मर्यादा १०४८५७६ झाली, म्हणजे आमची बारा दिवसांची रीडिंग्ज एकाच शीटमध्ये आरामात बसली असती. पण ग्रुपमधल्या एकाच्या घरी जुनं २००३ होतं, म्हणून सगळ्या फायली जुन्या फॉरमॅटमध्ये सेव्ह केल्या गेल्या. कोणी केल्या? मीच. सेव्ह करताना इशाऱ्याची चौकट आली होती हेही आठवतंय. मी 'कंटिन्यू' दाबलं होतं, न वाचता, सातही वेळा.

शीर्षकाची ओळ सोडली तर ६५५३५ रीडिंग्ज उरतात. मध्यरात्रीपासून मोजलं तर शेवटचं रीडिंग संध्याकाळी ६ वाजून १२ मिनिटं १४ सेकंदांचं. त्यानंतरची २०८६५ रीडिंग्ज, म्हणजे जवळजवळ पावणेसहा तास, गायब. आणि हॉस्टेलवर दिवे, पंखे, लॅपटॉप, चोरून ठेवलेल्या इलेक्ट्रिक किटल्या हे सगळं सुरू कधी होतं? सहानंतरच! रिपोर्टमध्ये मात्र आम्ही ठासून लिहिलं होतं की जास्तीत जास्त लोड सकाळी गिझरच्या वेळी असतो.

मग इतके दिवस दिसलं कसं नाही? दोन कारणं. एक म्हणजे आलेख काढताना आडव्या अक्षावर आम्ही वेळ घेतलीच नव्हती, ओळींचा नंबर घेतला होता. दुसरं कारण जास्त गमतीचं आहे. जुन्या एक्सेलमध्ये ही फाइल उघडली की ती जुन्या फॉरमॅटच्या मापात उघडते. शीटच ६५५३६ व्या ओळीला संपतं. कागद संपला तिथेच मजकूर संपला, म्हणजे सगळं पूर्ण असेल असं वाटतं. कॅल्कने तीच फाइल स्वतःच्या दहा लाख ओळींच्या शीटवर उघडली, आणि पहिल्यांदाच मजकुराखाली रिकामी जागा दिसली.

ही चूक फक्त पोरांचीच होते असं नाही. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडच्या १५८४१ रुग्णांच्या नोंदी आठवडाभर आकडेवारीत आल्याच नाहीत, कारण मधल्या एका टप्प्यावर जुन्या एक्सेल फॉरमॅटची ओळींची मर्यादा आड आली. त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांना वेळेवर कळवलं गेलं नाही. ते वाचून मला बरं अजिबात वाटलं नाही.

नशिबाने मेमरी कार्डवर मूळ फायली जशाच्या तशा होत्या. साध्या टेक्स्ट फायली, स्वल्पविरामाने तोडलेल्या, प्रत्येकी ८६४०० रीडिंग्ज. रात्रभर बसून सातही दिवस नव्याने केले. १.४५ चा फॅक्टर काढून टाकला. नवीन बेरीज आणि मीटर यांच्यात चार टक्क्यांच्या आतला फरक राहिला. सेन्सर बिचारा पहिल्यापासून बरोबर होता! आणि सर्वात जास्त लोड निघाला रात्री सव्वानऊच्या सुमारास.

आता प्रश्न होता सरांना काय सांगायचं. रूममेट म्हणाला, "गुपचूप आकडे बदलू, त्यांना कुठे आठवतंय?" पण पहिल्या रिव्ह्यूला सरांनीच विचारलं होतं, "हा १.४५ कुठून आला?" आणि आम्ही डेटाशीटमधला कुठलातरी आकडा दाखवून वेळ मारून नेली होती. शेवटी मी आणि टॉपर त्यांच्या केबिनमध्ये गेलो. मी सगळं सांगितलं, 'कंटिन्यू' दाबल्याचंसुद्धा. सर दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग विचारलं, "जुना आलेख अजून आहे का?"

"हो सर, पण तो आम्ही काढून टाकतोय."

"काढू नका. नवीन त्याच्या शेजारी टाका. दोन्हीला वेळेचा अक्ष द्या. आणि खाली लिहा, काय झालं ते."

म्हणून आमच्या रिपोर्टच्या ३१ व्या पानावर आता दोन आलेख आहेत. डावीकडचा सव्वासहाच्या आधीच तुटतो, उजवीकडचा पुढे जातो आणि सव्वानऊला डोंगर चढतो. खाली सात ओळींची कबुली आहे. व्हायव्हाला पंधरा मिनिटांपैकी दहा मिनिटं त्याच पानावर गेली.

आणि हो, एक राहिलंच. छपाईला गेलो तेव्हा झेरॉक्सवाल्या काकांनी पीडीएफ उघडली आणि म्हणाले, "मधे एक कोरं पान आलंय तुमचं. रोमन सात नंबरनंतर डायरेक्ट कोरं, मग एक. काढून टाकू?" आम्हीही घाबरलो, वाटलं पुन्हा काहीतरी बिघडलं. मग लक्षात आलं. पुस्तकात १, ३, ५ ही पानं नेहमी उजवीकडे येतात. सातही विषम, एकही विषम; दोन्ही उजवीकडे यायचे तर मधे पाठीमागचं एक पान कोरं सोडावंच लागतं. ते पान आम्ही टाकलंच नव्हतं, लिब्रे-ऑफिसने आपणहून सोडलं होतं.

"राहू द्या काका," टॉपर म्हणाली. काकांनी त्या कोऱ्या पानाचेही पैसे लावले.